दर्यावरून परत न आलेल्यांचं स्मारक: सड्यावर बांधावं की जुन्या चिरेखाणीत?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी,

आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. मी इथल्याच शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. मासेमारीला गेले आणि परत आले नाहीत अशा गावातल्या माणसांचं स्मारक करायचं आम्ही ठरवलंय. ही सगळी एका वादळात गेलेली नाहीत. शिडाच्या होड्यांच्या काळापासून आत्ताच्या यांत्रिक बोटींपर्यंत, एकेक दोघं-दोघं करत गेली. घरोघर विचारून आणि शाळेची जुनी रजिस्टरं चाळून यादी केली, ती चाळिसाच्या आसपास गेली. त्यात गाबीत मच्छीमार आहेत, मुसलमान आहेत, घाटावरून खलाशी म्हणून आलेला एक पोरगाही आहे. बहुतेकांचे देह मिळालेच नाहीत. त्यामुळे ना समाधी, ना कबर. घरच्यांनी आठवण काढायला जाऊन बसायचं कुठे, इथून हा विषय सुरू झाला.

मुंबईच्या मंडळाने पैसे उभे केलेत आणि आराखडाही पाठवलाय. गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, जिथून समुद्र दिसतो तिथे, काँक्रीटचा चौथरा, चार खांबांवर घुमट, मध्ये फायबरची होडी, भोवती पेव्हर ब्लॉक, स्टीलचं रेलिंग, हिरवळ आणि उंच खांबावरचा एक हायमास्ट दिवा. मंडळींनी हे मनापासून केलंय, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आराखडा पाहिल्यापासून मला चैन नाही. जेटीजवळची काँक्रीटची शेड आम्ही रोज बघतो. छताच्या सळ्या बाहेर आल्यात, खालून ढलपे पडतात. सड्यावर तर जूनपासून वारा आणि खारट पाऊस आडवा मारतो. हिरवळीला उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? गावात एप्रिल-मे मध्ये विहिरी तळाला जातात.

सड्याच्या उतरणीवर एक जुनी चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायची खाण आहे, कधीची बंद पडलेली. दोन-अडीच पुरुष खोल, तिन्ही बाजूंनी उभे कापलेले जांभ्याचे कडे, खाडीच्या बाजूने उघडी. खालच्या वाडीतून तिथवर जुनी पाखाडी, दगडी पायऱ्यांची वाट, जाते. मी तिथे अनेकदा जाऊन उभी राहते. आत वारा लागत नाही, पण समुद्राचा आवाज येतो. माझ्या मनात सारखं येतं की स्मारक इथेच का करू नये.

यादीतल्या एका मुलाची आई नव्वदीला टेकली आहे. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नाही. मी तिला विचारलं, स्मारक कसं हवं? ती म्हणाली, "झिलाचा नाव माझ्या हाताक लागात असा कोरा." तेव्हापासून घुमटापेक्षा हे वाक्यच माझ्या डोक्यात आहे.

तर जाणकारांनी सांगावं. जांभ्यात बांधलं तर टिकेल का? नावं कशात कोरायची? खाणीत पावसाचं पाणी साठतं, त्याचं काय करायचं? आणि सडा सोडून खाणीत जावं हे मंडळाला पटेल असं कसं मांडायचं?

भरतीरेषा

ताई, दगड-चुन्याच्या आधी जागेचा सातबारा आणि किनारा नियमनाचा नकाशा बघा. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे कमी वस्तीच्या ग्रामीण भागात समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामबंदीचा पट्टा आहे. लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ च्या वर असेल तरच तो ५० मीटरवर येतो. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल तिथपर्यंत हे नियम लागू होतात. तुमची खाण उतरणीवर आहे म्हणजे बहुधा या पट्ट्याबाहेर असेल, पण नकाशावर भरतीरेषा कुठून आखली आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय मंडळाला शब्द देऊ नका. खाण कोणाच्या नावावर आहे, सामाईक असेल तर किती हिस्सेदार आहेत, हे आत्ताच काढा. आपल्याकडे एका सातबारावर वीस नावं असतात आणि त्यातली बारा मुंबईला.

चिरेबंदी

ताई, तुम्हाला जे वाटतंय ते योग्य आहे, आणि त्याला कारणं आहेत. मी या पट्ट्यात घरं बांधतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काँक्रीटबद्दल. काँक्रीट वाईट म्हणून मी बोलत नाही. समुद्रकाठचं काँक्रीट वेगळ्या शिस्तीचं काम आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात किनाऱ्याची हवा 'तीव्र' प्रकारात धरलीय: सळईवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीटचं कवच आणि काँक्रीटची मजबुतीची प्रत एम-३० च्या खाली नाही. जिथे थेट खारे तुषार येतात तिथे ५० मिलिमीटर आणि एम-३५. गावातल्या छोट्या कामात सळई फळीला टेकलेली असते आणि कवच बोटभरही नसतं. मीठ आत शिरतं, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. तुमच्या जेटीच्या शेडचं हेच झालंय. घुमट आणि चार बारीक खांब हे तर सळईशिवाय उभेच राहत नाहीत. म्हणजे जे सगळ्यात आधी खराब होणार त्याच्यावरच तो सगळा आराखडा उभा आहे.

जांभ्यात सळईच नाही. विजयदुर्गाचा तट बघा, जांभ्याचा आहे आणि लाटा अंगावर घेतोय. खाणीतून निघताना चिरा मऊ असतो, वाऱ्या-उन्हात राहिला की घट्ट होतो, हे तुमच्या गावातल्या कुठल्याही गवंड्याला ठाऊक आहे. म्हणून चिरा आणला की लगेच लावू नका. एक पावसाळा उघड्यावर राहू द्या. जो चिरा ठिसूळ, पिवळट मातीच्या गाठींचा आहे तो त्या पावसातच उघडा पडतो, तो बाजूला काढा.

चिऱ्यांमधले सांधे चुन्यात भरा. सिमेंटचा कडक सांधा मऊ, सच्छिद्र दगडाला सोसत नाही. ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग ती चिऱ्यातून पडते आणि सांधे तसेच राहून चिरेच झिजतात. चुन्याचा सांधा ओल सोडतो आणि झिजला तर तोच झिजतो, तो पुन्हा भरता येतो. चुना विरवून निदान काही आठवडे मुरवावा लागतो, काम दिवाळीनंतर धरावं आणि मे उजाडायच्या आत संपवावं, रोज पाणी मारून ओलं ठेवावं. पूर्वी आपल्याकडे शिंपल्यांचा चुना भाजत. आता भट्टीचा चुना विकत घ्यावा लागेल, हरकत नाही.

पण माझं मत विचाराल तर खाणीत बांधायचं फारच थोडं. भिंती आधीच आहेत. माणसांनी कापलेल्या, आणि बहुधा तुमच्याच गावातली जुनी घरं त्यातूनच उभी राहिली असतील. त्या कड्यांना प्लॅस्टर नको, रंग नको. कापल्याचे आडवे-उभे चरे तसेच राहू द्या. तिथे तीन कामं खरी आहेत.

एक, सुरक्षितता. वरच्या काठावर तिन्ही बाजूंनी गडगा घाला, चुन्याशिवाय, नुसता रचलेला, कमरेपेक्षा उंच. गुरं आणि पोरं आत पडता कामा नयेत. कड्याच्या तळाशी पांढरट-गुलाबी शेडी लागली आहे का ते बघा. जांभ्याखाली ती मऊ माती उघडी पडली असेल तर पाण्याने ती झडते आणि वरचा जांभा अधांतरी राहतो. तसा भाग असेल तर तिथे माणसं बसवायची नाहीत, तळाशी चिऱ्यांचा आधार बांधायचा.

दोन, पाणी. या विषयावर बहुतेक आराखडे फसतात. खाण समजा २० बाय ३० मीटर आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस धरला तर नुसतं डोक्यावरून पडणारं पाणी १८ लाख लिटर होतं. वरच्या सड्यावरून वाहून येणारं वेगळं. हे पाणी तुम्ही अडवू शकत नाही, त्याला जागा द्यायची आणि वाट द्यायची. वरच्या काठाला चर काढून सड्याचं पाणी बाजूने व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, उतरवा. आतली जमीन खाडीच्या बाजूला किंचित उतरती ठेवा. आत एका कोपऱ्यात तळ खोल राहू द्या, तिथे पावसाळ्यात तळं होईल आणि हिवाळ्यापर्यंत टिकेल. बसायचे कट्टे आणि चालायची वाट त्याच्यापेक्षा दोन हात वर. म्हणजे जुलैमध्ये स्मारक अर्धं पाण्यात असेल आणि तरी माणूस आत जाऊन बसू शकेल.

भुजला भुजिया डुंगरावर २००१ च्या भूकंपातल्या मृतांचं स्मृतिवन आहे, ४७० एकरांत, २०२२ च्या ऑगस्टमध्ये खुलं झालं. तिथे डोंगराच्या घळीत पाणी अडवणारे बंधारे बांधले आणि गेलेल्यांची नावं त्या बंधाऱ्यांवर लावली. कच्छसारख्या कोरड्या मुलखात स्मारकाने पाणी धरून ठेवायचं आणि त्या पाण्यावर झाडं वाढायची, अशी ती कल्पना. आपल्याकडे पाऊस भरपूर आणि मे महिन्यात विहीर कोरडी, म्हणजे गरज तीच. तुमच्या खाणीत मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरींना काही दिवस तरी जास्त मिळालं तर याहून चांगलं स्मारक मला सुचत नाही.

तीन, नावं. जांभ्यावर नावं कोरू नका. त्याच्या अंगात भोकं असतात, बारीक अक्षर धरत नाही, चार पावसांत काना-मात्रा जातात. नावांसाठी घाटावरचा काळवथरी, म्हणजे काळा कठीण दगड आणा. पॉलिश नको, टाकीने (छिन्नीने) सपाट केलेला. अक्षर दोन इंच उंच आणि बोटाचं टोक आत जाईल इतकं रुंद-खोल. त्यात रंग किंवा सोनेरी पावडर भरू नका. शिरोरेघ हा आपल्या लिपीचा आडवा चर आहे, दगड आडवा ठेवलात तर त्यात पाणी थांबतं आणि शेवाळ धरतं. म्हणून दगड उभा किंवा चांगला कलता बसवा, आणि बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा हात पोचेल इतक्या उंचीवर. त्या आईने जे मागितलंय ते आराखड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं माप समजा. कट्टा आणि नावांचा दगड यांच्यातलं अंतर तिला तिथे नेऊन, बसवून ठरवा.

नावं कुठल्या क्रमाने, हेही आत्ताच ठरवा. वॉशिंग्टनमधली व्हिएतनाम युद्धाची भिंत, १९८२ ची, माया लिन यांनी विद्यार्थिनी असताना कल्पिलेली, जमिनीत उतरत जाणारी आहे. तिथली नावं बाराखडीप्रमाणे नाहीत, ज्या क्रमाने माणसं गेली त्या क्रमाने आहेत. तुमच्याकडे तसं केलं तर एका होडीतून गेलेले एका जागी राहतील. जातीप्रमाणे, वाडीप्रमाणे लावायचा प्रश्नच उरत नाही. आणि शेवटी दगड कोरा सोडावा लागेल, हे गावाला आधी सांगून ठेवा.

सड्यावरची

मी वनस्पतीशास्त्र शिकवते आणि पावसाळ्यात बहुतेक वेळ सड्यांवरच असते. चिरेबंदी यांनी बांधकामाचं सांगितलं, मी सड्याचं सांगते, कारण मंडळाला 'वर नुसता मोकळा कातळ तर आहे' असं वाटत असणार.

मे महिन्यात तो कातळ उजाड दिसतो हे खरं. पहिल्या पावसानंतर या. दीपकाडीची पांढरी फुलं येतात, ही वनस्पती कोकणपट्टीच्या सड्यांची आहे, बाहेर जवळपास सापडत नाही. श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं निळीजांभळी पसरतात. मातीचा थर बोटभर आणि त्यात पोषण नाही, म्हणून ती जमिनीतले बारीक जीव पकडून जगते. त्याच उथळ डबक्यांत गेंद ही वनस्पती येते, बेडकांची पिल्लं वाढतात. हे सगळं त्या बोटभर मातीवर आणि साचलेल्या पाण्यावर उभं आहे. तिथे भराव टाकून हिरवळ लावली, पेव्हर घातले की त्या तुकड्यापुरतं ते कायमचं संपतं. सड्यावर माती आणून झाडं लावणं हेही निसर्गाचं काम नव्हे, कितीही चांगल्या हेतूने केलं तरी.

शिवाय कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं. त्यांचं कुडोपी हे ठिकाण तुमच्यापासून फार लांब नाही. कोकणातली आणि गोव्यातली मिळून ९ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण अजून कितीतरी चित्रं मातीखाली आहेत. सड्यावर जेसीबी चढवण्याआधी तो कातळ झाडून बघायला हवा.

हायमास्टला मात्र माझा ठाम विरोध आहे. तांबळडेगला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं रात्री बाहेर पडली की क्षितिजावरच्या उजेडाकडे, म्हणजे समुद्राकडे जातात. मागून सड्यावरचा दिवा दिसला तर ती उलट फिरतात. खाणीत कड्यातच दिवळ्या, म्हणजे दिवा ठेवायचे कोनाडे, कोरा. नारळी पौर्णिमेला, त्रिपुरीला, ज्याच्या-त्याच्या तिथीला घरचे पणती लावतील.

झाडं लावायची तर खाणीच्या तोंडाशी, जिथे धुपून आलेली माती साठलेली असते तिथे उंडी लावा. खारा वारा तिला मानवतो, तिच्या बियांच्या तेलावर आपल्याकडे दिवे जळत आणि होडीच्या कामालाही तिचं लाकूड वापरत आलेत. आत सुरंगी आणि बकुळ. सुरू, अकेशिया, गुलमोहर नकोत. आणि कड्यांच्या भेगांत नेचे आपोआप येतील, ते 'साफ' करायला माणूस लावू नका.

परळकर देवगडवाला

मी त्या मंडळाचाच आहे. नाव सांगत नाही, पण ताईंनी ओळखलं असेल. आमची बाजू मांडतो.

माझा सख्खा चुलता त्या यादीत आहे. सडा आम्ही निवडला तो समुद्र दिसतो म्हणून, आणि बोटीवरून परत येणाऱ्याला स्मारक दिसावं म्हणून. ज्यांनी वर्गणी दिली त्यातले बरेच गिरणीतून निवृत्त झालेले, साधे लोक आहेत. त्यांना आपल्या पैशाचं काहीतरी उभं राहिलेलं बघायचंय. खाणीत स्मारक केलं तर लोक म्हणतील, आमच्या माणसांना खड्ड्यात घातलं. ही भावना हलकी समजू नका.

दिव्याचं आणि कासवांचं आम्हाला माहीत नव्हतं. तो मुद्दा मी बैठकीत ठेवतो. पण उंच काहीच नको, हे मला मान्य नाही.

चिरेबंदी

दादा, तुमचं म्हणणं मला पटतं. बोटीवरून दिसायला हवं, ही मागणी स्मारकाच्या मुळातलीच आहे. त्यासाठी सडा व्यापायची गरज नाही. खाणीच्या तोंडाशी, खाडीकडे बघणारी, जांभ्याची एक दीपमाळ उभी करा. देवळापुढे असते तशीच घडण, पण कुठल्या देवाचं चिन्ह नाही, कारण यादीत सगळेच आहेत. जाड बुंध्याची, वर निमुळती, चुन्यात बांधलेली, सळई नाही. पायथा पक्क्या कातळावर. चुन्याचा पांढरा हात दिलात तर दिवसा लांबून दिसेल. दर वर्षी शिमग्याच्या सुमारास गावाने मिळून तो हात द्यावा. देखभाल म्हणजे एवढीच आणि ती गावाच्या हातातली. तुमच्या वर्गणीदारांना उभं राहिलेलं काहीतरी दिसेल.

खड्ड्याबद्दल. कोकणात आपण देवळात जाताना पायऱ्या उतरून जातो, तळीवर उतरतो, देवराईत वाकून शिरतो. उतरून जाणं आपल्याला परकं नाही. आणि दर्यात लढून पडलेल्यांचं दगडात कोरणं तर या किनाऱ्यावर फार जुनं आहे. बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांच्या रांगा आणि आरमारी लढाई कोरली आहे. कधी मुंबईतल्या मंडळींना घेऊन जा, परळहून लोकलने तासाभराचं काम. ते नुसते उभे दगड आहेत, घुमट नाहीत, आणि तरी लोक त्यांना पूजत आलेत.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. परळकर दादा, मी ओळखलं. तुमच्या काकांची होडी आणि आमच्या शेजारच्या वहाबचाचांच्या भावाची होडी एकाच दिवशी गेली होती, म्हणजे क्रमाने लावली तर ती दोन नावं शेजारी येतात. हे मी काल चाचांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, दोघांचे डबे एकाच चुलीवर होत.

दीपमाळ मला मान्य आहे आणि गावालाही पटेल. एक अडचण मात्र आहे. खाण चार हिस्सेदारांची निघाली. तिघांनी तोंडी होकार दिलाय, चौथे पुण्याला असतात. त्यांना काय विचारावं, जागा विकत की बक्षीसपत्र? आणि नावं कोरणारा पाथरवट कुठे शोधावा? आमच्याकडे आता सगळे ग्रॅनाइट आणि मशीनवाले.

भरतीरेषा

बक्षीसपत्र करून जागा ग्रामपंचायतीच्या नावावर नोंदवून घ्या, मंडळाच्या नको. मंडळाचे पदाधिकारी बदलतात. नुसत्या तोंडी होकारावर एक चिराही लावू नका, पुढच्या पिढीत वाद होतो. चौथ्यांना फोनवर विचारू नका. यादी घेऊन पुण्याला जा आणि ती त्यांना वाचायला द्या.

चिरेबंदी

पाथरवट घाटमाथ्यावर अजून आहेत, पाटे-वरवंटे आणि मूर्ती घडवणारे. एखादा बाजाराच्या दिवशी गाठा आणि आधी एकच नाव कोरून मागवा. ते त्या आजींच्या हातात द्या. त्यांच्या बोटाला वाचता आलं तर तेच माप बाकीच्यांना.

आणि आत्ता पाऊस चालू आहे, हा वेळ घालवू नका. चांगली सर पडून गेली की छत्री घेऊन खाणीच्या वरच्या काठाने फिरा. पाणी कुठून आत उतरतं, कुठे साचतं, कुठून बाहेर पडतं, याचे फोटो काढा आणि साचलेल्या पाण्याच्या कडेला कड्यावर खडूने नव्हे, टाकीने खूण करून ठेवा. फोटो इथे टाकलेत तर चर कुठून काढायचा आणि कट्टा किती उंच घ्यायचा ते मी आखून देतो.